देव, पुजारी आणि वऱ्हाडातल्या सभा

डिसेंबर १८९७ मध्ये राष्ट्रीय सभेचं, म्हणजे काँग्रेसचं, तेरावं अधिवेशन अमरावतीत भरलं, तेव्हा टिळक तुरुंगात होते. पुण्यातला प्लेग, त्या आधीचा दुष्काळ, २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवर झालेला प्राणघातक हल्ला आणि त्यानंतर सरकारची उडालेली गाळण, या सगळ्यातून त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला उभा राहिला होता. सप्टेंबरमध्ये दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. खटल्यात पुरावा म्हणून दाखल झालेल्या मजकुरात ‘केसरी’त छापलेला एका उत्सवाचा वृत्तांत होता. शिवराज्याभिषेकाच्या त्या उत्सवात अफझलखानाच्या वधाची जी चर्चा झाली, ती सरकारला खुपली होती. सभेत बोललेलं वाक्य कोर्टात पोचतं आणि बोलणारा त्यासाठी खडी फोडायला जातो, हे महाराष्ट्राला त्या वर्षी कळलं.

अमरावतीच्या अधिवेशनाचे अध्यक्ष सर सी. शंकरन नायर होते आणि स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. गणेश श्रीकृष्ण खापर्डे म्हणजे अमरावतीतले नामांकित वकील, थाटाने राहणारे, विनोदाने सभा हसवणारे आणि टिळकांचे जिवाभावाचे मित्र. त्या मंडपात बंगालचे सुरेंद्रनाथ बॅनर्जी बोलायला उभे राहिले. टिळकांसाठी आपलं मन भरून आलं आहे, आपल्या भावना त्यांच्या कोठडीकडे धाव घेताहेत आणि सारं राष्ट्र अश्रू ढाळतं आहे, अशा अर्थाचं ते बोलले. इंग्रजी वक्तृत्वात सुरेंद्रनाथांचा हात धरणारा त्या काळी क्वचितच कोणी असेल. कापसाच्या व्यापारासाठी ओळखल्या जाणाऱ्या एका जिल्ह्याच्या गावाने, स्वतः हजर नसलेल्या टिळकांना त्या दिवशी ‘राष्ट्राचा माणूस’ म्हणून ऐकलं. टिळक पुण्याचे होते, पण त्यांच्यासाठी देश रडतो आहे हे वाक्य उच्चारलं गेलं ते वऱ्हाडात.

पुढे वीस वर्षांनी ते स्वतः इथे सभा घ्यायला आले. तोवर वऱ्हाड बरंच बदललं होतं.

हा मुलूख कागदोपत्री निजामाचा. १९०२ साली लॉर्ड कर्झनने निजामाशी करार करून वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात तो कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे घेतला आणि १९०३ साली मध्य प्रांताला जोडून टाकला. १९०५ साली जुन्या सहा जिल्ह्यांचे चार झाले: अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ. धनी हैदराबादेत, कारभार नागपुरात आणि हुकूम कलकत्त्याहून, पुढे दिल्लीहून. आपला राजा नेमका कोण, या प्रश्नाचं सरळ उत्तर वऱ्हाडच्या कास्तकाराला कोणी देऊ शकलं नसतं. पैसा मात्र होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाचे भाव चढले तेव्हापासून काळ्या जमिनीत पऱ्हाटीच पऱ्हाटी होती. रेल्वेने तो कापूस मुंबईला नेला, गावोगाव जिन आणि प्रेस उभे राहिले, दलाल आले, अडते आले, आणि त्यांच्या मागोमाग वकील.

दर्यापूर हे अशाच मुलखातलं तालुक्याचं गाव. अमरावतीच्या पश्चिमेला, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी इथे खारं, म्हणून ओलित नाही. पाऊस आणि काळी माती यांच्यावरच सगळी भिस्त. मुंबई-नागपूर मोठ्या लाइनीवर दर्यापूर नाही. तेव्हा मूर्तिजापूरला उतरायचं आणि अचलपूरकडे जाणारी अरुंद रुळांची गाडी धरायची. तीच पुढे सगळ्यांची लाडकी ‘शकुंतला’ झाली. गावाला लागून असलेल्या तिच्या स्टेशनचं नाव बनोसा. कापसाच्या गाठी बाहेर नेण्यासाठी टाकलेल्या या रुळांवरून टपालही यायचं, आणि टपालात ‘केसरी’. ज्याला वाचता येई त्याने ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, ही त्या काळची खेड्यांतली रीतच होती. टिळकांचं भाषण बहुतेकांनी असंच ऐकलं, दुसऱ्याच्या तोंडून. भाषणांचा इतिहास लिहिताना आपण व्यासपीठाकडे पाहतो आणि हा ओटा विसरतो, याची मला खंत वाटते.

राजद्रोहाच्या दुसऱ्या खटल्यात झालेली शिक्षा भोगून १९१४ च्या जूनमध्ये टिळक मंडालेच्या तुरुंगातून सुटले. त्या सहा वर्षांत देश थंडावला होता. त्यांनी पुन्हा माणसं जमवली आणि एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला होमरूल लीग काढली. जोसेफ बॅप्टिस्टा अध्यक्ष, न. चिं. केळकर चिटणीस. लीगच्या सहा शाखा होत्या: मध्य महाराष्ट्र, मुंबई शहर, कर्नाटक आणि मध्य प्रांत यांना प्रत्येकी एक, आणि एकट्या वऱ्हाडला दोन. सहातल्या दोन! चार जिल्ह्यांच्या या मुलखाने एवढा वाटा उचलला, त्याच्या मागे खापर्ड्यांची वीस वर्षांची खटपट होती, वकील-व्यापाऱ्यांचा पैसा होता आणि आपल्याला कोणी वालीच नाही ही जुनी सलही होती. एप्रिल १९१७ पर्यंत टिळकांच्या लीगचे सभासद १४,००० झाले.

वऱ्हाडातल्या सभा समजायच्या तर त्या आधीची तीन भाषणं डोळ्यासमोर हवीत. १ मे १९१६ ला बेळगावात एक, ३१ मे आणि १ जूनला अहमदनगरात दोन. लोकांपुढे होमरूल म्हणजे काय ते सांगायचं होतं, तेही युद्धाच्या काळात, राजद्रोहाचं कलम डोक्यावर टांगलेलं असताना. टिळकांनी काय केलं? त्यांनी कीर्तन ऐकून तयार झालेल्या माणसाच्या डोक्यात आधीपासून असलेल्या कल्पना उचलल्या. सरकार दोन प्रकारचं, ते म्हणाले. एक अव्यक्त, वेदान्तातल्या निर्गुण ब्रह्मासारखं. दुसरं व्यक्त, मायेच्या उपाधीने दिसणारं. बादशहा हे पहिलं, कलेक्टर-कमिशनर हे दुसरं. सरकार पाहिजेच, पण या व्यक्त सरकारचं रूप बदलता येतं, आणि ते बदला म्हणणं हा द्रोह नव्हे. मग ते याहून सोप्या दाखल्याकडे वळले. देव वेगळा आणि देवाचा पुजारी वेगळा. मधले पुजारी आम्हांला नकोत असं म्हटलं तर त्यात देवाची निंदा कुठे झाली? देव तोच राहू द्या, पुजारी बदला.

पंढरपूरच्या बडव्यांचा अनुभव घेतलेल्या वारकऱ्याला हे समजायला कितीसा वेळ लागणार? दोन-तीन वाक्यांत त्यांनी राजाला धक्का न लावता राज्य करणाऱ्यांना उघडं पाडलं. कायद्याच्या दृष्टीनेही हा दाखला पक्का होता, आणि श्रोत्याला तो पाठ करावा लागत नव्हता, कारण त्याला तो आधीच ठाऊक होता. मला टिळकांच्या सगळ्या सार्वजनिक बोलण्यात हा दाखला सर्वांत कसदार वाटतो. त्याची दुसरी धार पुढे अमरावतीतच दिसायची होती, ते पुढे येईलच.

टिळक वक्ते म्हणून गोड नव्हते. शिवरामपंत परांजप्यांची वक्रोक्ती त्यांच्याकडे नव्हती आणि सुरेंद्रनाथांचा ओघही नव्हता. मुद्दा मांडायचा, त्यावरचा आक्षेप स्वतःच काढायचा, तो खोडायचा आणि पुढे जायचं, अशी वकिली रीत. आवाजात चढउतार कमी, अलंकार जवळजवळ नाहीत. पण ऐकणाऱ्याला आपण समजूतदार माणूस आहोत असं त्यांच्यापुढे वाटायचं, कारण ते त्याच्याशी कारणं देऊन बोलत.

सरकारने या तीन भाषणांची लघुलिपीत टिपणं घेतली, इंग्रजीत भाषांतरं केली आणि २३ जुलै १९१६ रोजी टिळकांना नोटीस बजावली. त्या दिवशी त्यांना साठ वर्षं पूर्ण झाली होती आणि लोकांनी एक लाखाची थैली अर्पण केली होती. वर्षभर चांगल्या वर्तणुकीची हमी म्हणून २० हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन असा हुकूम पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने काढला. हायकोर्टात टिळकांची बाजू बॅरिस्टर जिनांनी मांडली. ९ नोव्हेंबरला न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी तो हुकूम रद्द केला. सुटी वाक्यं वेचून अर्थ काढू नये, भाषणाचा एकंदर परिणाम पाहावा, हे तत्त्व त्या निकालात होतं. भाषण कसं वाचावं याचा इतका चांगला नियम साहित्याच्या वर्गातही क्वचित सांगितला जातो. त्या टिपणांमुळे आणखी एक गोष्ट झाली. ज्यांनी ही भाषणं बंद पाडायला घेतली होती, त्यांनीच ती शब्दशः उतरवून ठेवली.

त्याच नोव्हेंबरात मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारने होमरूलसाठीच झटणाऱ्या अ‍ॅनी बेझंट यांना प्रांतात पाऊल टाकायला बंदी केली. टिळकांवर मात्र हायकोर्टाच्या ताज्या निकालामुळे हात टाकणं अवघड होतं. डिसेंबरच्या अखेरीला लखनौची राष्ट्रीय सभा झाली, काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांच्यात करार झाला, जहाल-मवाळ फुटीनंतर नऊ वर्षांनी एका मांडवात आले. तिथून परतताना जानेवारी १९१७ मध्ये टिळक वऱ्हाडात उतरले. यवतमाळला बोलले, अकोल्याला बोलले. पुढच्याच महिन्यात पंजाब आणि दिल्लीचे दरवाजे त्यांना बंद झाले, म्हणजे बेझंटबाईंवरची बंदी आणि टिळकांवरची बंदी यांच्यामधल्या उघड्या फटीत वऱ्हाडला हे ऐकायला मिळालं. त्यानंतर मे महिन्यात नाशिकला, लीगच्या वाढदिवसानिमित्त, शरीर म्हातारं झालं तरी मन तरुण आहे आणि स्वातंत्र्य हा आपला जन्मसिद्ध हक्क आहे, असं त्यांनी सांगितलं. शाळेच्या भिंतीवर असंच वाक्य येतं. मला मात्र त्याच वर्षीचं अमरावतीचं भाषण मोठं वाटतं, आणि त्यात होमरूल हा विषयच नाही.

अमरावतीत टिळक गीतेवर बोलले. ‘गीतारहस्य’ १९१५ साली छापून आलं होतं. मंडालेच्या कोठडीत १९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीने लिहिलेलं. जाडजूड ग्रंथ, ज्याच्या घरी आहे त्यानेही पुरता वाचलेला असेलच असं नाही. अमरावतीच्या सभेत त्यांनी त्याचा गाभा स्वतःच्या लहानपणापासून सुरुवात करून सांगितला. घरातली वडील माणसं म्हणायची की खरा धार्मिक, तत्त्वज्ञानी माणूस रोजच्या संसारात बसत नाही. मोक्ष पाहिजे तर जग सोडावं लागतं. मुलाच्या मनात प्रश्न आला: माझा धर्म मला खरोखरच हे जग टाकून द्यायला सांगतो का? माणूस म्हणून पूर्ण व्हायचं तर माणसांत राहूच नये का? गीतेत हिंदू धर्माचं सार आहे असं सगळे सांगतात, तेव्हा उत्तर तिथेच मिळालं पाहिजे.

मग त्यांनी आपली पद्धत सांगितली, आणि भाषणातला हा भाग अभ्यास करणाऱ्या कोणालाही आजही उपयोगी पडेल. टीकाकारांनी गीतेला आपापल्या पंथाच्या साच्यात बसवलं आहे. म्हणून सगळ्या टीका आणि भाष्यं बाजूला ठेवली आणि मूळ ग्रंथ कोणताही आधीचा ग्रह न धरता पुन्हापुन्हा वाचला. निघालं काय? ज्ञानाने असो की भक्तीने, परमेश्वराशी एकरूप झाल्यानंतरही माणसाने कर्म केलंच पाहिजे. स्वतःसाठी नव्हे, फळाच्या आशेने नव्हे, हे जग ज्या मार्गाने जायचं त्या मार्गाने चालत राहावं म्हणून. ज्याला देवाशी ऐक्य हवं, त्याने जगाच्या हिताशीही ऐक्य साधलं पाहिजे आणि त्यासाठी राबलं पाहिजे; नाहीतर ते ऐक्य अर्धवट राहतं, कारण माणूस, जग आणि ईश्वर या तिघांतले दोनच त्यात जोडले जातात.

आद्य शंकराचार्यांपासून चालत आलेला निवृत्तीचा अर्थ बाजूला सारून, एक राजकीय पुढारी भर सभेत गृहस्थाश्रमी माणसाला सांगतो आहे की तुझं काम हीच तुझी साधना. हे काम म्हणजे त्या वर्षी होमरूल, हे वेगळं सांगायची गरज उरली नव्हती. पण विधान होमरूलपुरतं नव्हतं. जगाच्या हिताशी एकरूप व्हा, असं एकदा म्हटलं की ‘जग’ या शब्दात कोण कोण येतं, हा प्रश्न उभा राहतो. तो प्रश्न टिळकांनी अमरावतीत विचारला नाही.

तो त्यांच्यापुढे पुढच्या वर्षी मुंबईत आला. मार्च १९१८ मध्ये विठ्ठल रामजी शिंदे यांनी अस्पृश्यता निवारण परिषद भरवली. सयाजीराव गायकवाड अध्यक्ष होते. टिळक त्या परिषदेत गेले आणि बोलले: देव अस्पृश्यता मानत असेल तर त्याला मी देवच म्हणणार नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. पण आपण स्वतः अस्पृश्यता पाळणार नाही, अशा जाहीरनाम्यावर सह्या घेतल्या गेल्या तेव्हा टिळकांनी सही केली नाही. अनुयायांचं दडपण होतं असं सांगितलं जातं आणि ते खरंही असेल. तरी माझं मत स्पष्ट आहे: ज्या माणसाने सहा वर्षं मंडाले सोसलं, त्याच्या हाताला एक सही जड जायला नको होती. त्याच्या भाषणाचा मोठेपणा मान्य करूनच हे म्हणायचं आहे, कारण भाषणानेच ही अपेक्षा निर्माण केली होती.

१ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले. वऱ्हाडातलं राजकारण गांधींकडे वळू लागलं. खापर्डे त्या वाटेने गेले नाहीत. आणि १९२५ च्या पुढेमागे अमरावतीत एक वेगळीच मागणी जोर धरू लागली. अंबादेवीच्या देवळात आम्हांला दर्शन मिळालं पाहिजे, असं अस्पृश्य समाजातली मंडळी म्हणू लागली.

अंबादेवी म्हणजे अमरावतीचं दैवत. रुक्मिणीहरणाची कथा याच देवळाशी जोडलेली. देवस्थानच्या पंचमंडळींत दादासाहेब खापर्डे होते. मागणी करणाऱ्यांच्या बाजूला नानासाहेब अमृतकर होते आणि एक तरुण बॅरिस्टर होते, नुकतेच विलायतेहून आलेले डॉ. पंजाबराव देशमुख. पापळच्या कुणब्याच्या घरातल्या या मुलाने ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातला धर्माचा उगम आणि विकास या विषयावर डॉक्टरेट मिळवली होती. वेद वाचून आलेला हा माणूस देवळाच्या पायऱ्यांवर अडवलेल्यांच्या बाजूने उभा राहिला.

१३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषदेचं दुसरं अधिवेशन भरलं. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा आठ महिने झाले होते आणि दुसरा महाड सत्याग्रह दीड महिन्यावर आला होता. अधिवेशन चालू असतानाच मुंबईहून तार आली: त्यांचे थोरले बंधू बाळाराम यांचं आदल्या दिवशी निधन झालं. परिषदेने दुखवट्याचा ठराव केला आणि काम पुढे चाललं.

आंबेडकरांचं त्या दिवसाचं भाषण हक्काचं भाषण आहे. त्यात विनवणी नाही. हिंदुत्व ही जितकी स्पृश्यांची मालमत्ता तितकीच अस्पृश्यांची, हा त्यांचा मुख्य मुद्दा. मग त्यांनी नावं घेतली. वसिष्ठांसारखे ब्राह्मण, कृष्णासारखे क्षत्रिय, हर्षासारखे वैश्य, तुकारामासारखे शूद्र यांनी ज्या धर्माची प्रतिष्ठा वाढवली, त्याच धर्माची वाल्मीकींनी, व्याधगीता सांगणाऱ्या व्याधाने, चोखामेळ्याने आणि रोहिदासाने वाढवली. त्याच्या रक्षणासाठी सिदनाक महारासारखे वीर लढले. ज्यांनी घर बांधायला हातभार लावला त्यांनाच उंबरठ्याबाहेर उभं करणार असाल, तर घर कोणाचं याचा निवाडा झाला पाहिजे.

या यादीची बांधणी मुद्दाम पाहावी. ऐकणाऱ्यांतला प्रत्येक जण हरिपाठ, अभंग, रामायण ऐकत वाढलेला. त्याला नवं नाव एकही सांगितलेलं नाही. पण वाल्मीकी आणि वसिष्ठ एका ओळीत बसवले की त्याला आपणच आपल्याला उत्तर द्यावं लागतं. टिळकांनी १९१६ साली वापरलेली रीत हीच होती: लोकांच्या मनात आधीपासून असलेली सामग्री घ्यायची आणि तिच्यातून हक्क काढून दाखवायचा. टिळकांनी देव आणि पुजारी हा दाखला म्हणून सांगितला. अमरावतीत १९२७ साली देव खरा होता, पुजारी खरे होते, पंच खरे होते, आणि मधल्यांनी वाट सोडावी अशी मागणी करणारी माणसं रक्तामांसाची होती. ज्या खापर्ड्यांनी टिळकांचा पुजाऱ्याचा दाखला वऱ्हाडभर पोचवायला आयुष्य वेचलं, तेच आता देवळाच्या पंचांत बसले होते. इतिहासाने एका गावाला इतकी सरळ परीक्षा फार वेळा घातलेली नाही.

आंबेडकरांना हा धागा स्वच्छ दिसत होता. त्याच वर्षी जुलैत ‘बहिष्कृत भारत’मध्ये त्यांनी लिहिलं होतं की टिळक अस्पृश्यांत जन्मले असते, तर त्यांनी स्वराज्याऐवजी अस्पृश्यतेचा नायनाट हा आपला जन्मसिद्ध हक्क म्हटला असता. या विधानात टिळकांच्या घोषणेची ताकद ओळखलेली आहे आणि तिची मर्यादाही. खुद्द टिळकांचे चिरंजीव श्रीधरपंत पुढे आंबेडकरांच्या समता संघात सामील झाले आणि १९२८ साली गायकवाड वाड्यात त्यांनी सहभोजन घडवून आणलं, हेही इथे लक्षात ठेवावं.

परिषदेने सत्याग्रह त्या वेळी तहकूब केला आणि पंचांना मुदत दिली. घाईने दार फोडण्यापेक्षा दाराशी उभ्या असलेल्या माणसाचा अधिकार आधी सर्वांच्या तोंडून वदवून घ्यावा, असा त्यामागे विचार असावा. पंजाबराव पुढच्याच वर्षी अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी जिल्ह्यातल्या सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. दर्यापूर तालुका त्याच जिल्ह्यात. खारपाणपट्ट्यात गोड्या पाण्याची विहीर म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. देवळाच्या दारापेक्षा विहिरीचा काठ रोजच्या जगण्याला जवळचा, आणि भाषणातला हक्क पोहऱ्यात आला तो असा.

दर्यापूर तालुक्याचा स्वतःचा आवाज यात राहून जाता कामा नये. शेंडगाव आता अंजनगाव सुर्जी तालुक्यात आहे. पूर्वी दर्यापुरात होतं. तिथे २३ फेब्रुवारी १८७६ ला डेबूजी झिंगराजी जन्मला, पुढचा गाडगेबाबा. मामाच्या घरी पूर्णाकाठच्या दापुऱ्यात गुरं राखत, शेत कसत वाढला आणि १९०५ साली घर सोडून गेला. टिळक अमरावतीत गीतेचा अर्थ सांगत होते त्या सुमाराला हा माणूस पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभी करण्याच्या खटपटीत होता, कारण अस्पृश्य वारकऱ्याला रात्री टेकायला जागा नव्हती. गाडगेबाबा राजकीय पुढारी नव्हेत, पण जाहीर बोलण्याची कला वऱ्हाडात त्यांच्याइतकी कोणाला साधली असेल असं मला वाटत नाही. ते विधान करतच नसत, विचारत. देव किती, असं विचारायचे. लोक म्हणायचे, एक. मग तुमच्या गावात किती देव? आणि समोरचा समुदाय आपल्याच उत्तरात अडकून हसायला लागायचा. सगळं वऱ्हाडीत, बाप्पा-बाप्पा करत. टिळकांनी देव-पुजाऱ्याचा दाखला सुशिक्षितांच्या सभेतून खेड्याकडे सोडला. हा माणूस झाडूने गावाचे रस्ते साफ करून झाल्यावर संध्याकाळी त्याच गावात उभा राहून देव-पुजारी दोघांचीही झडती घ्यायचा. पुढे पंढरपूरची ती धर्मशाळा त्यांनी आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. डिसेंबर १९५६ मध्ये ६ तारखेला आंबेडकर गेले आणि २० तारखेला, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ, गाडगेबाबा.

१९३० चा मिठाचा सत्याग्रह वऱ्हाडात कुठे करायचा, हा प्रश्न समुद्र नसल्यामुळे आला होता. उत्तर याच खारपाणपट्ट्याने दिलं. दर्यापूरच्या शेजारी, अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्यात विहिरीचं खारं पाणी आटवून १३ एप्रिलला मीठ काढण्यात आलं. टिळकांच्या तालमीत तयार झालेले वीर वामनराव जोशी त्यात पुढे होते, ‘रणदुंदुभी’ लिहिणारे नाटककार आणि अमरावतीचे जळजळीत वक्ते. त्यांचं बोलणं ऐकून माणसं कढईभोवती जमली. ज्या पाण्याने शेत भिजत नाही त्या पाण्याने कायदा मोडला.

पंजाबराव पुढे प्रांताचे मंत्री झाले, घटना समितीत गेले, १९५२ पासून दहा वर्षं केंद्रात शेतीखातं त्यांच्याकडे होतं. घटना समितीत त्यांची सगळी भाषणं मला पटतात असं नाही. ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वाच्या कलमावर बोलताना त्यांनी मसुद्यातलं नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त ठरेल अशी टीका केली आणि ते धर्माशी जोडणारी दुरुस्ती सुचवली. सभागृहाने ती नाकारली, आणि योग्य केलं असं मला वाटतं. अंबादेवीच्या पायरीवर माणसांना आत घ्या म्हणणारा पंजाबराव आणि दिल्लीत फाळणीच्या जखमा ओल्या असताना दारं अरुंद करा म्हणणारा पंजाबराव, हे दोन्ही एकाच माणसाचे चेहरे आहेत, आणि त्यांची भाषणं वाचायची तर दोन्ही वाचावी लागतात.

टिळकांचंही तसंच. आपल्याकडे वक्तृत्व स्पर्धेत पोरगं एक वाक्य आवेशाने म्हणतं आणि खाली बसतं. बॅचलर-शहा यांच्या निकालाने सांगितलेला नियम, भाषण पूर्ण वाचावं आणि त्याचा एकंदर परिणाम पाहावा, हा अजून आपल्या शाळा-कॉलेजांत आलेला नाही. लोकमान्यांचं अमरावतीचं गीतेवरचं भाषण त्यांच्या लेख-भाषणांच्या इंग्रजी संग्रहात आहे. आंबेडकरांची मराठी भाषणं महाराष्ट्र शासनाने काढलेल्या अठराव्या खंडात आहेत. दर्यापूरला पंजाबरावांनी स्थापन केलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेचं कॉलेज आहे, तालुक्यात वाचनालयं आहेत. १९१७ आणि १९२७ ची ही दोन भाषणं एकाच संध्याकाळी, एकामागून एक, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचावीत, अशी माझी तिथल्या शिक्षकांना आणि ग्रंथपालांना विनंती आहे.